धुराचा वाटा

मोमोसेचा फोन आला तेव्हा किनुए ओगुची नागोयाला लेकीच्या घरी खिडकीत बसली होती आणि खालच्या रस्त्यावरच्या गाड्या बघून कंटाळली होती. मोमोसे म्हणजे उसुगायाचा कुचो, वस्तीचा प्रमुख. माणूस इतका मऊ, की कुणाच्या घराला आग लागली तरी आधी तब्येतीची चौकशी करील आणि मग बंब बोलवील.

"कंबर काय म्हणते, किनुए-सान? काठीशिवाय चालता येतं का? तिकडे फुलं आली असतील, नाही?"

"फुलांचं राहू दे. काय झालंय ते सांग."

"उद्या रविवारी बैठक आहे. डोंगराची. यासुनोरी धुराचा विषय काढणार म्हणतोय. म्हटलं, तुमच्या कानावर घालावं."

किनुएने फोन ठेवला, उभी राहिली आणि काठी घ्यायची विसरली, म्हणून पुन्हा बसली. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "सातोमी! गाडी काढ. मला घरी जायचंय."

"आई, डॉक्टरांनी अजून—"

"डॉक्टरांना डोंगरात वाटा नाहीये."

उसुगायात अकरा घरं. त्यांच्या डोक्यावर बूना झाडांचं जुनं रान, आणि त्या रानाच्या पायथ्याशी खडकातून निघणारा झरा. त्याला उबाचं, म्हणजे म्हातारीचं, कुंड म्हणतात. त्याच पाण्यावर अकरा घरांचा भात शिजतो, शेतं भिजतात आणि बायका तिथूनच येणाऱ्या चरात मुळे धुतात. हा डोंगर कुणा एकाचा नाही, सगळ्यांचा मिळून आहे. त्यातली चिमूटभर माती विकायची तर अकराच्या अकरा घरांनी हो म्हणायला लागतं. एकाने जरी नकाराची मान हलवली तरी विषय मिटला.

पण घर कशाला म्हणायचं? उसुगायाच्या पूर्वजांनी त्याचं उत्तर ठरवून ठेवलं होतं. ज्याच्या धुराड्यातून हिवाळ्यात धूर निघतो ते घर. ज्या घराची शेगडी हिवाळाभर थंड राहिली त्याचा डोंगरातला वाटा गेला आणि वाट्याबरोबर बैठकीतलं तोंडही गेलं. नियम शहाणपणाचा होता. शहरात जाऊन बसलेल्यांनी तिकडूनच डोंगर विकून मोकळं होऊ नये, जो बर्फात राहतो त्यानेच बर्फाचं पाणी सांभाळावं, एवढाच त्यामागचा विचार. कुंपणासाठी लावलेली काटेरी फांदी एक दिवस आपल्याच पदराला धरील, हे नियम करणाऱ्यांच्या मनात आलं नव्हतं. किनुएच्याही नव्हतं.

गेल्या वर्षी एक कंपनी आली. वरचं बूनाचं रान साफ करून तिथे उन्हाच्या विजेच्या पट्ट्या लावायच्या म्हणाली. दहा घरांनी हो म्हटलं. ती काही वाईट माणसं नव्हती. कुणाची मुलं शहरात, कुणाचे गुडघे गेलेले, गवत कापायला हात उरलेले नाहीत, बैठकघराचं छप्पर गळतंय. नाही म्हणणारी एकटी किनुए. बाजूच्या खोऱ्यात असाच एक उतार उघडा केला होता, आणि पहिल्याच मोठ्या पावसानंतर तिथल्या ओढ्यातून चहासारखं पाणी आलं. आता ती माणसं टँकरची वाट बघत दारात बादल्या मांडून बसतात. किनुएने हे बैठकीत सांगितलं तेव्हा यासुनोरी आजीबाईंची समजूत काढावी तसं म्हणाला होता, "बाआसान, तुम्हाला सगळीकडे पूरच दिसतो." सगळे हसले होते. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, पहिल्या बर्फात, झऱ्याच्या तोंडावरच्या जाळीतला पाला काढताना किनुए घसरली आणि तिच्या कंबरेचं हाड मोडलं. इस्पितळ, मग नागोया. शेगडी थंड.

गाडीत ती सगळा वेळ पट्टा हातात घट्ट धरून बसली होती. डोंगर दिसायला लागले तशी तिची घालमेल वाढली.

सातोमीने समोर बघतच म्हटलं, "आई, एक सुचवू? सांग ना, की मी शनिवार-रविवारी येऊन शेगडी पेटवत होते. कोण बघायला गेलंय? आपलं घर तर देवदारांच्या आड आहे."

किनुएने तोंड खिडकीकडे फिरवलं.

"मी सांगते हवं तर. माझ्या तोंडून खोटं जाईल, तुझ्या नाही."

"गप्प बस आणि गाडी चालव," किनुए म्हणाली. पण हा विचार तिच्याही मनात आधीच येऊन गेला होता. त्याची तिला लाज वाटत होती आणि तो जातही नव्हता.

ती उसुगायाची नव्हेच मुळी. खालच्या सपाटीवरची. तिच्या माहेरी विहिरीच्या पाण्याला गंजाचा वास यायचा, पांढरे कपडे धुतले की पिवळे व्हायचे. लग्न होऊन आली त्या दिवशी सासूने तिला आधी कुंडावर नेलं आणि ओंजळीत पाणी दिलं. किनुए प्यायली आणि सगळ्या पाहुण्यांसमोर रडायला लागली. लोकांना वाटलं, माहेरची आठवण आली असेल. खरं तर तिला राग आला होता. हे असं पाणी जगात होतं आणि तिच्या आईने जन्मभर गंज प्यायला होता! नवरा तोकुजी पाण्याची राखण करायचा. रोज सकाळी वर जाऊन जाळी साफ करायची, चर बघायचा. तो गेल्यावर लोकांनी म्हटलं, आता कुणीतरी तरुण बघू. ते बघेपर्यंत किनुए दुसऱ्याच दिवशी तोकुजीचे रबरी बूट घालून वर गेली. बूट दोन बोटं मोठे होते. तिने पुढे कापड कोंबलं.

झऱ्याजवळ एक सपाट खडक आहे. तिथून खालची सगळी धुराडी दिसतात, एकट्या किनुएचं सोडून. तिचं घर डोंगराच्या खांद्याआड, देवदारांच्या रांगेमागे. ते फक्त पुलाजवळच्या घरातून दिसतं. किनुए रोज त्या खडकावर दम खायला बसायची आणि धूर बघायची. कुणाचा लवकर निघाला, कुणाचा निघालाच नाही. मग उतरताना त्या दारावर थाप. "काय, बरं नाही वाटतं?" पोरं तिला 'धूर-बाआसान', धुराची आजी, म्हणून चिडवायची. तिला ते आवडायचं.

पण या खडकावरून पाहिलेल्या एका गोष्टीने तिला नंतर बरीच वर्षं झोपेत दचकवलं. पुलाजवळच्या शिगेझोचा धाकटा भाऊ कानेसुके. तेव्हा डोंगरावर बर्फावर घसरायचं मैदान काढायची टूम निघाली होती आणि कानेसुके विकायच्या बाजूने मोठमोठ्याने बोलत होता. त्या हिवाळ्यात तो बायकोला घेऊन टोकियोला बांधकामावर गेला आणि वसंतात परत आला. बैठकीत प्रमुखाने विचारलं, कानेसुकेच्या घरी धूर होता का? सगळे चहाच्या कपात बघत बसले. तरुण किनुए उभी राहिली आणि म्हणाली, "मी रोज बघते. नव्हता." खरंच बोलली होती. कानेसुकेचा वाटा गेला. तो बायकोसह कायमचा टोकियोला गेला, तो पूर्वजांच्या सणालासुद्धा परत आला नाही, शेवटी त्याच्या अस्थीच आल्या. मैदान झालं नाही, रान वाचलं. पण तेव्हापासून शिगेझो किनुएशी जेवढ्यास तेवढं बोलायचा. तोकुजीचा जिवलग मित्र तो, लग्न झाल्यापासून तिला "नेसान" म्हणणारा, मोठ्या भावाच्या बायकोसारखा मान देणारा. नेसान म्हणणं त्याने सोडलं नाही, पण त्यातली ऊब गेली. आणि आता तो विकायच्या बाजूने होता. आणि तिचं धुराडं बघू शकणारा अख्ख्या वस्तीत तो एकटा होता.

म्हणजे किनुएचा गळा शिगेझोच्या हातात होता. गाडी पुलावरून गेली तेव्हा तिने त्याच्या घराकडे बघायचं टाळलं.

घरापाशी उतरल्यावर मात्र ती जागच्या जागी उभी राहिली. वळचणीखाली तिने शरदात रचलेली लाकडं छपरापर्यंत होती. ओकची, दोन वर्षं वाळवलेली. आता तिथे गुडघाभर उंचीची रांग उरली होती.

"चोरी!" किनुए म्हणाली. "माझी लाकडं नेली!"

"आई, आधी आत तर चल. बघ, नळ फुटले नाहीत. मला वाटलं होतं सगळं घर गोठलं असेल—"

"नळांचं काय घेऊन बसलीस! लाकडं गेली!"

शहरातल्या माणसाला यातलं पाप कळायचं नाही. उसुगायात लांब मुक्कामाला निघाल्याशिवाय कुणी दाराला कुलूप लावत नाही, पैशाचं पाकीट ओट्यावर पडलेलं असतं, पण दुसऱ्याच्या लाकडांना कुणी हात लावत नाही. हिवाळ्यात लाकूड चोरणं म्हणजे माणसाच्या अंगावरचं पांघरूण ओढणं. किनुएने खाली वाकून पाहिलं. बर्फ वितळून उरलेल्या चिखलात सालींचे तुकडे पडले होते, आणि एक मळलेली पायवाट थेट पुलाकडे जात होती. रबरी बुटांचे ठसे. एक पाय किंचित फेकून टाकल्यासारखा. असा पाय अख्ख्या खोऱ्यात एकच माणूस टाकतो.

ती काठी टेकत टेकत खाली निघाली. सातोमी मागून ओरडत राहिली. कंबर ठणकत होती, पण राग कंबरेपेक्षा मोठा होता. राग तरी बरा, असं तिला कुठेतरी वाटत होतं. काळजीने जीव कुरतडत बसण्यापेक्षा कुणावर तरी ओरडता आलं तर माणसाला जरा उभं राहता येतं.

शिगेझो ओसरीवर बुटांना तेल लावत होता. तिला बघून उठला, पुन्हा बसला.

"आलात, नेसान."

"आले. मेले असते तर बरं झालं असतं, नाही? सगळी वळचण रिकामी करता आली असती."

त्याने तेलाचा डबा बंद केला. "म्हणजे?"

"माझी लाकडं कुठे आहेत, शिगे-सान?"

"मी नेली नाहीत."

"मग गेली कुठे? पाय फुटले त्यांना?"

"जळली," शिगेझो म्हणाला.

"जळली! तोंड वर करून सांगताय! दुसऱ्याची लाकडं जाळून शेकत बसलात हिवाळाभर, लाज नाही वाटली? तोकुजी असता तर—"

"तोकुजीचं नाव कशाला?" शिगेझो उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "मला खाली गावात जायचंय. फुसाला भेटायचे दिवस ठरलेले असतात." फुसा त्याची बायको. दोन वर्षांपासून ती शुश्रूषागृहात होती आणि त्याला कधी ओळखायची, कधी नाही. त्याने टोपी घातली आणि किनुएला ओसरीवर तशीच उभी ठेवून तो निघून गेला.

परत येताना किनुएला रडू कोसळलं. आता तो धुराबद्दल काय सांगणार हे तर ठरल्यासारखंच होतं. आणि तिने जाऊन त्याला चोर म्हटलं होतं! लेकीने शेगडी पेटवली, सूप गरम केलं. किनुएला घास उतरेना. शेगडीतली राख साफ आहे, दाराच्या बिजागऱ्या गंजलेल्या नाहीत, घरात उंदराची घाण नाही, यातलं काही तिच्या डोळ्यांना दिसलं नाही. जिने अख्ख्या वस्तीचा धूर डोळ्यात तेल घालून पाहिला, तिला स्वतःच्या शेगडीत बघायची बुद्धी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बैठकघरात सगळे जमले. मधे शेगडी, तिच्यावर किटली, ताटलीत नोझावानाच्या पानांचं लोणचं. नेहमीप्रमाणे कुणी आधी विषय काढेना. लोणचं किती चांगलं मुरलंय यावर बरीच चर्चा झाली. किनुए भिंतीला पाठ लावून बसली होती, कारण मांडी घालता येत नव्हती. शिगेझो समोर. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

यासुनोरीने घसा साफ केला. चाळिशीचा माणूस, स्वतःचं छोटं खोदाईयंत्र होतं, दोन पोरं शाळेत. पट्ट्यांचं काम झालं तर रस्त्याचं काम त्याला मिळणार होतं. वस्तीतला शेवटचा तरुण तोच. तो गेला तर हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढणारं कुणी उरणार नाही, हे किनुएलाही माहीत होतं.

"मला कुणाचा अपमान करायचा नाही," तो म्हणाला. "पण नियम सगळ्यांना सारखा. किनुए-बाआसान हिवाळाभर इथे नव्हत्या. मग त्यांचं घर राहिलं का? त्यांचा नकार मोजायचा का?"

"कंबर मोडली होती रे तिची," कुणीतरी पुटपुटलं.

"कानेसुके-सानच्या वेळी कुणी विचारलं होतं का, काय अडचण होती म्हणून?"

यासुनोरी तेव्हा जन्मलाही नव्हता, पण अशा गोष्टी उसुगायात लोणच्यासारख्या मुरत ठेवलेल्या असतात.

मोमोसेने तिच्याकडे वळून, अगदी हळू विचारलं, "किनुए-सान, तुमच्या घरी धूर होता का?"

दाराशी बसलेल्या सातोमीने आईकडे बघून डोळे मोठे केले. सांग. नुसतं हो म्हण. किनुएने तोंड उघडलं. झऱ्याच्या तोंडावरची जाळी तिच्या डोळ्यांसमोर आली, पाल्याने तुंबलेली. हो म्हटलं तर पाणी वाचत होतं. आणि समोर कानेसुकेचा भाऊ बसला होता.

"मी नव्हते," ती म्हणाली. "नसलेल्या माणसाने काय सांगायचं? मला माहीत नाही."

सातोमीने मान खाली घातली. यासुनोरीने श्वास सोडला, आनंदाने नव्हे, सुटका झाल्यासारखा. "मग झालं तर."

"धूर निघत होता," शिगेझो म्हणाला.

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"रोज निघत होता. मी पुलाजवळ राहतो. मला दिसतं."

"पण घरात कुणीच नव्हतं!" यासुनोरी म्हणाला.

"विश्वास नसेल तर नेसानलाच विचार. काल येऊन माझ्या ओसरीवर ओरडून गेल्या, लाकडं संपली म्हणून. अख्खी वळचण लाकडं आपोआप संपतात का रे? धुराड्यातूनच गेली की."

आधी कुणीतरी नाकातून हसलं. मग मोमोसे हसला आणि खोकत सुटला. किनुएचं तोंड उघडंच राहिलं. जळली. तो म्हणाला होता, जळली. साल पडलेली वाट, फेकून टाकलेला पाय, न फुटलेले नळ, एकेक गोष्ट आता तिच्या डोक्यात जागेवर बसत होती आणि प्रत्येकीसरशी तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. तिने याला चोर म्हटलं होतं.

"पण पेटवली कोणी?" यासुनोरीने चिडून विचारलं.

"मी."

"तुम्ही? अहो, तुम्हाला तर डोंगर विकायचाय!"

"विकायचाच आहे. उद्या सही मागा, उद्या देतो. मला खाली गावात खोली घ्यायचीय, फुसाच्या जवळ. ती माझी गरज आहे आणि मी ती लपवत नाही." त्याने कप उचलला, त्यात चहा नव्हता, तरी तो प्यायल्यासारखं केलं. "पण तू विचारलंस धूर होता का. होता. नियमात धूर आहे, काडी कोणी ओढली ते नाही."

मोमोसेने सगळ्यांकडे पाहिलं. कुणी हरकत घेतली नाही. मग त्याने विचारलं, "ओगुचींचं घर काय म्हणतं?"

किनुए भिंतीला धरून उभी राहिली. इतकी वर्षं तिने हा शब्द ठणकावून म्हटला होता. आज ती नाही म्हणणार होती ते या माणसाच्या तोंडावर, ज्याने तिची शेगडी राखली होती आणि ज्याला खोली हवी होती.

"नाही," ती म्हणाली. इतक्या हळू, की मोमोसेला पुन्हा विचारावं लागलं. "माफ करा. पण नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. यासुनोरी उठला, बूट चढवले आणि कुणाकडे न बघता गेला. बाकीचे उरलेलं लोणचं संपवत बसले.

बाहेर शिगेझो पुलाच्या दिशेने चालला होता. किनुएने त्याला गाठायचा प्रयत्न केला, मग थांबून हाक मारली. तो थांबला, पण वळला नाही.

"मी तुम्हाला चोर म्हटलं."

"ऐकलं मी. कान चांगले आहेत."

"का केलंत, शिगे-सान? गप्प बसला असतात तर तुम्हाला हवं ते मिळालं असतं."

शिगेझोने कठड्यावरचा ओला बर्फ हाताने खाली ढकलला. खालच्या ओढ्याचं पाणी वितळत्या बर्फाने भरून वाहत होतं.

"कानेसुकेच्या घराची किल्ली माझ्याकडे होती," तो म्हणाला. "हिवाळाभर माझ्या खिळ्याला लटकत होती. पन्नास पावलांवर त्याचं घर. रोज जाऊन एक काडी ओढली असती तर? सुचलंच नाही मला, नेसान. तुमच्यावर रागावण्यात सगळा जन्म घालवला, आणि किल्ली माझ्या खिळ्याला होती."

किनुएने त्याच्या बाहीला हात लावला. त्याने बाही ओढून घेतली नाही.

"मी तेव्हा खरं तेच बोलले होते," ती शेवटी म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून तर तुमच्यावर राग धरणं इतकं जड गेलं." तो किंचित हसला. "आणि तुमची लाकडं फार चांगली वाळलेली होती. माझी धूर फार करतात."

पुढच्या शरदात तो गेला. डोंगर विकला नाही तरी गेला, भाच्याने गावात एक खोली बघून दिली. खोलीत शेगडी नव्हती, भिंतीवरच्या यंत्रातून गरम हवा यायची. निघताना त्याने घराची किल्ली पुलाच्या बाजूच्या खिळ्याला लावली आणि किनुएकडे बघून म्हणाला, "घर आता गेलंच म्हणायचं." ती डोळे पुसत राहिली.

कंपनीचा माणूस पुन्हा येऊन गेला होता. यासुनोरी अजून होता, पण शहरात काम बघतोय असं त्याची बायको सांगायची. किनुए आता झऱ्यावर दोन काठ्या घेऊन जायची आणि प्रत्येक पाऊल चाचपून टाकायची. आपण पुन्हा पडलो तर? आपण नसलो तर जाळीतला पाला कोण काढील, आपला नकार कोण सांगील? खडकावर बसून ती धुराडी बघायची आणि प्रत्येक धुराबरोबर जरा धीर यायचा. पुलाजवळचं मात्र काळं आणि गप्प.

पहिला बर्फ पडला त्या सकाळी सातोमीचा फोन आला. "आई, आज वर जाऊ नकोस हं. घरातच बस."

"वर नाही जात," किनुए म्हणाली. "खाली जातेय."

तिने पाठीवरच्या टोपलीत ओकची चार लाकडं घातली आणि पुलाकडे उतरायला लागली. वाट निसरडी होती. खिळ्यावरची किल्ली इतकी गार होती की बोटांना चिकटली. आत घर माणूस नसल्याचा वास धरून बसलं होतं. तिने शेगडी उघडली, सालं घातली, काडी ओढली. धूर आधी खोलीतच भरला आणि तिला खोकला आला. धुराडं गोठलं असेल का? तिने दार उघडलं, लाकडं हलवली, फुंकर घातली, पुन्हा घातली.

मग ती बाहेर येऊन पुलावर उभी राहिली आणि वर बघत बसली. बराच वेळ काही दिसलं नाही. शेवटी धुराड्याच्या तोंडाशी एक बारीक करडी रेघ आली, वाकडी झाली आणि वर गेली.

शिगेझोचा वाटा राहिला. त्यात त्याचा होकारही राहिला, पुढच्या बैठकीत तिच्याविरुद्ध पडायला. किनुएने टोपली पाठीवर घेतली आणि हळूहळू चढायला लागली, कारण उद्याची लाकडं अजून फोडायची होती.